स्प्रिंग बूट २ वरून ३ वर जाताय? सरसकट रिप्लेस मारू नका
स्प्रिंग बूट (जावात अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला किमान जावा १७ लागतंच आणि सर्व्हलेट, जेपीए, व्हॅलिडेशन वगैरेचे इम्पोर्टमधलं पॅकेजचं नाव जावाएक्स (javax) चं जकार्ता (jakarta) झालंय, पण म्हणून आख्ख्या प्रोजेक्टवर फाइंड-रिप्लेस मारून मोकळं होऊ नका, कारण जावाएक्स डॉट एसक्यूएल, जावाएक्स डॉट क्रिप्टो ही पॅकेजेस जेडीकेचीच (म्हणजे जावाच्या मूळ किटचीच) आहेत, ती तशीच राहतात. त्यापेक्षा ओपनरीराइट या कोड आपोआप बदलणाऱ्या टूलची रेडीमेड रेसिपी (बदलांचे तयार नियम) चालवा, तिला हा फरक कळतो. आधी स्प्रिंग बूट २.७ वर या, मगच ३ वर उडी. आणि हो, स्प्रिंग बूटच्या प्रॉपर्टीज मायग्रेटरची (spring-boot-properties-migrator) डिपेंडन्सी तात्पुरती टाका (बरेच जण हे विसरतात), अ‍ॅप सुरू होताना कुठल्या प्रॉपर्टीचं नाव बदललंय ते लॉगमध्येच दिसतं, सगळं नीट झालं की काढून टाका.