बुडबुड्याला केंद्रक काढलं, तिथून पेशी शिकायला सुरुवात झाली

पहिल्याच प्रात्यक्षिकात सूक्ष्मदर्शकाखाली मला झकास पेशी दिसली. वाटोळी, काळ्या ठसठशीत कडेची. मी मन लावून आकृती काढली, मधोमध केंद्रकही दाखवलं. पुस्तकात असतंच की! सरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हवेचा बुडबुडा सुरेख काढलायस. केंद्रक कुठून आणलंस?"

कांद्याच्या पापुद्र्यातल्या खऱ्या पेशी त्याच्या मागे विटांसारख्या रचलेल्या होत्या, पण इतक्या फिकट की नजर त्यांच्यावरून घसरत होती. पेशींना रंग चढवणारा आयोडिनचा थेंब टाकायला मी विसरले होते.

जीवशास्त्र नव्याने शिकणाऱ्यांना हे मुद्दाम सांगते, कारण पेशी सिद्धांताचा सगळा इतिहास याच अडचणीचा आहे: काय शोधायचं हे कळेपर्यंत दिसत नाही. मी मात्र आधी तो सनावळीसारखा पाठ केला. १६६५ हुक, १८३८ श्लायडेन, १८३९ श्वान. मधली पावणेदोनशे वर्षं कुठे गेली, हे विचारायचं सुचलंच नाही.

रॉबर्ट हुकने बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखी घरं पाहिली आणि त्यांना छोट्या खोल्यांवरून 'सेल' हे नाव दिलं. त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. पुढे डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून पाण्यातले जिवंत एकपेशीय जीव पाहिले. पण 'पेशी म्हणजे भिंतीची खोली' ही समजूत पक्की बसली होती, आणि प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नसते. मग प्राण्यांत खोल्या सापडणार कशा?

वाट उघडली ती केंद्रकाने. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींत एक गोलसर ठिपका पुन्हापुन्हा येतो हे नोंदवलं आणि त्याला केंद्रक म्हटलं. आता शोधायला खूण मिळाली. श्वानने पुढे आठवण सांगितली आहे की, जेवताना श्लायडेन वनस्पतिपेशींतल्या केंद्रकाबद्दल बोलत होता, तेव्हा श्वानला प्राण्यांच्या पृष्ठरज्जूत, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतल्या आधाराच्या दांड्यात, असंच काही पाहिल्याचं आठवलं. भिंत नाही, पण केंद्रक आहे! सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात, या वाक्यामागे हे घडलं आहे. मला हा प्रसंग कळला आणि दोन्ही सनं आपोआप लक्षात राहिली.

त्या दोघांची चूकही वाचा. नवी पेशी स्फटिकासारखी द्रव्यातून साकळते असं ते मानत. रोबर्ट रेमाकने कोंबडीच्या भ्रूणातल्या रक्तपेशी विभागताना पाहिल्या. 'पेशीतूनच पेशी' हे सूत्र मात्र १८५५ मध्ये रुडॉल्फ फिरखोने मांडलं आणि बहुतेक पुस्तकांत श्रेय त्यालाच मिळतं. रेमाकवर हा अन्यायच, असं माझं मत. 'पेशीतूनच पेशी' हा सिद्धांताचा तिसरा मुद्दा ही श्लायडेन-श्वान यांच्या चुकीची दुरुस्ती आहे, हे ध्यानात घेतलं की तो सुटा वाटत नाही.

पेशींच्या प्रकारांचा तक्ता मी सोळा ओळींचा केला होता. तो फाडा. एकच प्रश्न विचारा: डीएनए, म्हणजे जनुकद्रव्य, केंद्रकाच्या पटलाच्या आत आहे का? नसेल तर आदिकेंद्रकी (जसे जीवाणू), असेल तर दृश्यकेंद्रकी (जसे वनस्पती, प्राणी). आदिकेंद्रकीत जनुकद्रव्यच नसतं, असं मी एकदा लिहून आले होते. ते असतं, फक्त पेशीद्रव्यात उघडं असतं. प्रथिनं बनवणारे रायबोसोम दोघांतही असतात, आदिकेंद्रकीत ७० एस, दृश्यकेंद्रकीच्या पेशीद्रव्यात ८० एस (एस हे त्यांचा आकार सांगणारं एकक). गंमत तंतुकणिकेची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाची: ती दृश्यकेंद्रकी पेशीत राहते, पण तिचा डीएनए आणि रायबोसोम वेगळे, कारण तिचे पूर्वज स्वतंत्र जीवाणू होते. १९६७ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिसने हा मुद्दा नेटाने मांडला.

आकाराचे आकडे, म्हणजे आदिकेंद्रकी साधारण १ ते १० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दृश्यकेंद्रकी १० ते १००, पाठ करा, पण त्यांना नियम समजू नका. २०२२ मध्ये जाहीर झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू सुमारे १ सेंटीमीटर लांब असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. उलट माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, तरी ती आदिकेंद्रकी होत नाही. केंद्रक तिने वाढताना टाकून दिलेलं असतं. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

वनस्पतिपेशीला भित्तिका, मोठी रिक्तिका (रसाने भरलेली पोकळी) आणि हरितलवकं (उजेडात अन्न बनवणारे हिरवे दाणे), हेही घोकलेलं होतं. म्हणून दुसऱ्या प्रात्यक्षिकात, बुडबुडा टाळण्यासाठी आच्छादक काच तिरकी धरून हळूच टेकवली, आयोडिन आठवणीने टाकलं, आणि कांद्याच्या पापुद्र्यात हिरवे दाणे काढून मोकळी झाले. सरांनी पुन्हा भिंगातून पाहिलं. कांदा जमिनीखाली वाढतो, एवढंच म्हणाले.