डिस्चार्ज बुकात पदक राहून गेलंय?

माजी सैनिकाच्या डिस्चार्ज बुकातली, म्हणजे सेवा संपताना मिळालेल्या पुस्तकातली, पदकांची नोंद एकदा नीट वाचा. शौर्यपदक सहसा राहत नाही, राहतात ती साधी सेवापदकं. नऊ वर्षांच्या नोकरीचं दीर्घसेवा मेडल, १५ ऑगस्ट १९९७ला सेवेत असणाऱ्यांचं स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं मेडल, १९७१च्या लढाईचं संग्राम मेडल.

जवान आणि जेसीओंनी (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्यांनी) राहिलेल्या पदकासाठी अर्ज आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. 'माझी मेडलं द्यावीत' असं मोघम लिहिलं तर कागद फिरत राहतो. आर्मी नंबर, पदकाचं नाव, त्या वेळचं युनिट आणि तिथल्या तारखा लिहा. तारखा आठवत नसतील तर आधी माहिती अधिकारात, १० रुपये भरून, स्वतःच्या शीट रोलची (सेवेच्या नोंदींच्या कागदाची) प्रत मागा. पोस्टिंग त्यातच सापडतं. हयात नसलेल्या सैनिकाच्या पत्नीलाही अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

मूळ पुस्तक टपालाने पाठवू नका, साक्षांकित झेरॉक्स जोडा. आणि पेनाने स्वतः पदकाचं नाव घुसडण्याचा मोह तर अजिबात नको! बाजारातून आणून छातीवर लावलेल्या मेडलनेही रेकॉर्ड बदलत नाही.