नळी कोणाला लागेल? कॅन्सर विभागात नव्याने येणाऱ्या आहारतज्ज्ञांसाठी

इंदूरमध्ये डाएटेटिक्सचा थिसिस कॅन्सर विभागात करायचा म्हटलं की हा विषय हमखास पुढे येतो: रेडिएशन चालू असताना कोणत्या पेशंटला अन्नासाठी नाकातून नळी घालावी लागेल, हे आधीच सांगता येईल का? पेशंट भरपूर, गाईड लगेच हो म्हणतात. घ्या विषय, चांगला आहे. पण डेटा गोळा करायच्या आधी हे वाचा.

टी-3, टी-4 गाठ (म्हणजे मोठी, पुढे गेलेली), मानेच्या दोन्ही बाजूंना रेडिएशन, सोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध, आधीच घटलेलं वजन, गिळायला त्रास. नळीची शक्यता वाढवणारे हे घटक तुम्हाला पाठ असतील. या घटकांवरून नळीचा अंदाज सांगणारे परदेशी कॅल्क्युलेटर मात्र डोळे मिटून वापरू नका. त्यांतले बरेचसे घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर बेतलेले असतात. आपल्याकडे गालाचा, हिरडीचा कॅन्सर जास्त, ऑपरेशन आधी आणि सिकाई, म्हणजे रेडिएशन, नंतर. मध्य प्रदेशात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी धार-खरगोनकडून येणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नाहीत. तोंड किती मिलिमीटर उघडतं ते पहिल्याच दिवशी मोजा.

आता खरा खड्डा. रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, ‘नळी: होय/नाही’. या एका रकान्याने माझे महिने खाल्ले, म्हणून जरा सविस्तर सांगते. नळी घातली आणि नळीची गरज होती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या युनिटमध्ये सर टी-4 आणि किमो दिसली की उपचार सुरू व्हायच्या आधीच नळी घालायला सांगतात. तुमचं मॉडेल, म्हणजे डेटावरून बसवलेलं अंदाजाचं गणित, मग दिमाखात सांगणार की टी-4 आणि किमो असली की नळी लागते. ते काय शिकलं? सरांची सवय! उलट बाजूला एखादी मराठी आजी. वजन दहा टक्क्यांनी उतरलेलं, पाण्याचा घोटही टोचतोय, पण म्हणते, “नातवाची मुंज होऊ दे गं, मग घाल काय ती नळी.” रजिस्टरमध्ये ‘नाही’. उपचार अर्धवट सोडून गावी गेलेला, तोही ‘नाही’. शेवटच्या सिकाईनंतर आठवड्याभराने गावच्या दवाखान्यात नळी घातलेला, तोसुद्धा ‘नाही’, कारण तोंडातले छाले सिकाई संपल्यावरही दोन-तीन आठवडे छळतात आणि आपलं रजिस्टर मात्र शेवटच्या दिवशी बंद होतं. आता या ‘नाही’वाल्यांना धडधाकट समजून मॉडेल बसवा, आणि सॉफ्टवेअर काय सुंदर पी-व्हॅल्यू (निष्कर्ष निव्वळ योगायोग नाही असं भासवणारा आकडा) देतं ते बघा.

म्हणून गरज कशाला म्हणायचं ते आधी कागदावर लिहा. उदाहरणार्थ, सुरुवातीच्या वजनात दहा टक्के घट, किंवा आठवडा-दोन आठवडे गरजेच्या 60 टक्क्यांहून कमी खाणं. आधीच घातलेली नळी वेगळी नोंदवा, नकार वेगळा, सोडून गेलेले वेगळे. उपचारानंतर किती दिवस फोन करत राहायचं तेही ठरवा. गाईड म्हणतील, “एवढं कशाला, एसपीएसएसमध्ये टाक,” म्हणजे आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये. हो म्हणा आणि रकाने आखा. माझं स्पष्ट मत, या कामात गाईडपेक्षा नळी घालणाऱ्या सिस्टर जास्त शिकवतात. कोणाला दोन दिवसांत नळी लागणार हे त्या चेहरा बघून सांगतात.

आणि चाळीस नळ्यांच्या जोरावर बारा घटक तपासायला जाऊ नका. ढोबळ हिशेब एका घटकामागे किमान दहा नळ्यांचा, म्हणजे चारच घटक.

घाबरू नका, रोजचं काम याहून सोपं आहे. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, चपला आणि खिशातला मोबाइल काढून. अंगाने भरलेला पेशंट बघून निश्चिंत राहू नका, त्याचे स्नायू झडतात ते पोटामागे लपतं. “काय खाल्लं?” विचारलं तर उत्तर येतं, “सगळं खातो.” त्याऐवजी विचारा, पोह्यांवरची सेव कधी सुटली? प्लेट संपायला किती वेळ लागतो? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आधी सेव जाते, मग पोहे दह्यात कालवले जातात, मग नुसतं दूध उरतं. दूध उरेपर्यंत वाट बघू नका.

घरच्यांना टक्केवारी सांगून उपयोग नाही. नळी म्हणजे शेवट आला, असंच बहुतेकांना वाटतं. उपचार सुरू व्हायच्या आधीच, नळी लागून निघालेल्या एखाद्या पेशंटशी त्यांची गाठ घालून द्या. आठ-दहा दिवस उपाशी असलेल्याला नळीतून एकदम पूर्ण आहार देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम बघून हळूहळू वाढवा, थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) विसरू नका. नळी असली तरी जमेल तसे पाण्याचे घोट गिळत राहायला सांगा, नाहीतर घशाचे स्नायू आखडतात आणि नळी निघायला उशीर होतो. निघाल्याची तारीखही नोंदवा. रजिस्टरमध्ये तो रकाना बहुधा नसतोच, पट्टी घेऊन स्वतः आखा.