समुद्रातली हद्द दोन देश बोलून कशी ठरवतात?

डहाणू-पालघरकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि मासळीमागे बोट पुढे सरकली की पाकिस्तानच्या जेलात, कारण तिथली सागरी हद्द अजून ठरलेलीच नाहीये. मग ती ठरवतात कशी, ते बघू.

आधी मोजायचं, भांडण नंतर. पूर्ण ओहोटीला पाणी जिथे जातं ती साधारण बेसलाइन, तिथून १२ सागरी मैल स्वतःचं पाणी आणि २०० मैलांपर्यंत मासळी-तेलावर हक्क, हे १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात आहे. दोघांचे पट्टे एकमेकांवर चढले की भानगड सुरू.

पण मोजायला सुरुवात कुठून करायची? गुजरात आणि पाकिस्तानच्या सिंधमधल्या सर क्रीक या खाडीचं घोडं इथेच अडलंय. पाकिस्तान म्हणतो हद्द खाडीच्या पूर्व काठावर, आपण म्हणतो मधल्या धारेत, आणि खाडीच्या मुखाशी जमिनीवरच्या हद्दीचं टोक जरा हललं की समुद्रात रेष कुठल्या कुठे जाते, बांधाचा दगड सरकवल्यासारखंच. २००७ला दोघांनी मिळून सर्व्हे केला, रेष अजून नाही. तरी असा सर्व्हे करावाच, निदान नकाशावरून तरी वाद नको.

टोक ठरलं की मधोमध रेष काढून बघायची आणि किनारा आत वळलेला असेल तर ती थोडी सरकवायची, नाहीतर कोपऱ्यातला देश कोंडला जातो.

रेष ठरेपर्यंत तात्पुरती सोय करा, हे त्याच करारात लिहिलंय आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं हेच. नॉर्वे आणि रशियाचं त्यांच्या उत्तरेकडच्या बॅरंट्स समुद्रावरून सुमारे ४० वर्षं चाललं, पण १९७८पासून वादातल्या पट्ट्यात ज्याने त्याने आपापल्याच बोटी तपासायच्या असं ठरलेलं, त्यामुळे मासेमारी चालू राहिली आणि २०१०ला करारही झाला. मलेशिया-थायलंडने तर १९७९लाच ठरवलं की रेष राहू दे, गॅस अर्धा-अर्धा.

बोलून जमलंच नाही तर लवाद. बांगलादेश २००९ला आपल्याविरुद्ध गेला, २०१४च्या निकालात वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किमीपैकी १९,४६७ त्यांना मिळाले, आपण मान्य केलं.

करार लिहिताना अक्षांश-रेखांश तर टाकाच, पण कोण कुठे जाळं टाकणार हेही मच्छीमारांना विचारून लिहा. श्रीलंकेशी आपली रेष १९७४ आणि १९७६ला बोलूनच ठरली, तरी तमिळनाडूच्या बोटी आजही पकडल्या जातात.