पेलेट स्टोव्हचा धूर घराबाहेर सुरक्षितपणे कसा काढावा

अमेरिकेतल्या थंडीसाठी पेलेट स्टोव्ह घेताय? मग स्टोव्हइतकंच लक्ष धुराच्या पाइपकडे द्या. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या. त्या जळताना धूर फारसा दिसत नाही, पण त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास.

लाकडाच्या स्टोव्हमधला धूर गरम असल्यामुळे आपोआप वर चढतो. पेलेट स्टोव्हमध्ये मात्र पंखा तो बाहेर ढकलतो. पाइपमध्ये दाब असल्याने सांध्यात बारीकशी फट राहिली तरी धूर खोलीत येतो.

सुरुवात माहितीपुस्तिकेपासून आणि स्थानिक परवान्यापासून करा. पुस्तिकेतली मापं खालच्या मापांपेक्षा वेगळी असतील, तर पुस्तिकेचंच ऐका.

पाइप पेलेट स्टोव्हसाठीच बनवलेला, दुहेरी भिंतीचा घ्या. कपड्यांच्या ड्रायरचा किंवा पीव्हीसीचा पाइप अजिबात नको. व्यास साधारण 3 इंच असतो. मार्ग लांब असेल किंवा घर डेन्व्हरसारख्या उंचावर असेल, तर 4 इंच. वळणं कमीत कमी ठेवा, कारण हिशेबात एक काटकोनी एल्बो (वळणाचा जोड) 5 फूट सरळ पाइपाएवढा धरतात.

भिंत लाकडी सांगाड्याची असते, म्हणून पाइप थिंबलमधूनच, म्हणजे भिंतीत बसवायच्या धातूच्या संरक्षक चौकटीतूनच बाहेर काढा आणि लाकडापासून पाइपावर छापलेलं अंतर राखा, बहुधा 1 ते 3 इंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हिमवादळात वीज जाते, पंखा थांबतो आणि स्टोव्हच्या जळणाच्या भांड्यातल्या गोळ्या धुमसत राहतात. पाइप भिंतीतून आडवाच बाहेर काढला असेल, तर तो धूर घरात परततो. म्हणून पाइपाचा 3 ते 5 फुटांचा भाग उभा हवाच. वीज नसतानाही तो धूर वर ओढतो. काही जण खर्च वाचवायला हा भाग गाळतात. कृपया तसं करू नका.

पाइपाचं तोंड खिडकी-दारांच्या खाली किंवा बाजूला असेल तर 4 फूट लांब, वर असेल तर किमान 1 फूट उंच ठेवा. जमिनीपासूनही किमान 1 फूट, आणि बर्फ साचत असेल तर त्याच्याही वर.

प्रत्येक सांधा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद करा. पुढे कधी सांध्याखाली काळा ओघळ किंवा राखेची बारीक रेघ दिसली, तर तिथे गळती आहे. स्टोव्ह बंद करून सांधा नव्याने भरा.

घर घट्ट बंद असेल तर स्टोव्हला बाहेरची हवा देणारी नळी जोडा. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरातला मोठा पंखा घरातली हवा खेचतो आणि स्टोव्हला हवा कमी पडते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर लावा.

साधारण एक टन गोळ्या, म्हणजे 40 पौंडांच्या 50 पिशव्या संपल्या, की पाइपाच्या टीचं (T आकाराच्या जोडाचं) झाकण उघडून राख काढा. स्टोव्ह पूर्ण थंड असू द्या, आणि राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवा.