ताप, उलटी आणि न वाकणारी मान : मेंदूज्वर ओळखायचा कसा, पसरतो कसा, गोळी कुणाला द्यायची

गावात कुणाचा ताप ‘डोक्यात गेला’ अशी बातमी आली की लोक पहिल्यांदा बोरिंगचं पाणी भरणं बंद करतात. मग त्या घराकडे जाणं थांबतं, ग्रामपंचायतीत फवारणीची मागणी होते. आणि ज्यांना खरोखर त्याच दिवशी औषध लागतं, म्हणजे त्या लेकराच्या अंगाला अंग लावून झोपलेली भावंडं, ती तशीच राहून जातात. मी केळापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. हे पाहून जीव तुटतो, म्हणून लिहिते आहे. आशाताई, अंगणवाडीताई, आश्रमशाळेचे अधीक्षक आणि घरोघरच्या आयांनी हे एकदा नीट वाचावं.

आधी आजार काय ते सांगते. मेंदूवर आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर पातळ आवरणं असतात. उकडलेलं अंडं सोलताना टरफलाखाली पडदा लागतो ना, तशी. तिथे जिवाणू पोचले की आवरणं सुजतात, पू होतो, मेंदूवर दाब येतो. डॉक्टर याला मेनिंजायटिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जिवाणूंचा मेंदूज्वर झालेल्या सहांपैकी साधारण एक जण दगावतो, आणि वाचलेल्या पाचांपैकी एकाला बहिरेपणा, झटके असं काहीतरी मोठं मागे राहतं. सकाळी अंगणात खेळणारं लेकरू रात्री बेशुद्ध होऊ शकतं. म्हणून ‘रात्र काढू, सकाळी पाहू’ हे या आजारात चालत नाही.

ओळखायचं कसं

मोठं माणूस किंवा शाळकरी पोर असेल तर जोराचा ताप, कधी नव्हे असं डोकं दुखणं, उलट्या, उजेड सहन न होणं आणि कडक मान. त्याला तोंड मिटून हनुवटी छातीला लावायला सांगा. साध्या तापात अंग दुखत असलं तरी हनुवटी टेकते. मेंदूज्वरात मान मध्येच अडते, पाठ ताणली जाते, पोर ओरडतं. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. ताप आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, हाक मारली तरी नीट ओ देत नाही, एवढ्यावरही निघायला पाहिजे.

तान्ह्या बाळाची मान मात्र कडक होईलच असं नाही, त्यामुळे मानेवर विसंबू नका. बाळ अंगावर पीत नाही, सारखं झोपेत आहे, अंग सोडून दिलंय किंवा उलट ताठ झालंय, उचलून घेतलं की जास्तच किंचाळतं, हे पाहा. बाळ शांत असताना त्याला सरळ बसतं धरा आणि टाळूवरून हलकं बोट फिरवा. टाळू वर आलेली, ताणलेली लागली तर धोका आहे. ‘टाळू भरली नाही म्हणून असं झालं’ म्हणत तेल घालत बसणाऱ्या आजीबाईंना मी हात जोडून सांगते, फुगलेली टाळू तेलाने बसत नाही. नवजात बाळाला तापच येईल असंही नाही, कधी अंग गार पडतं.

एक खूण वेगळी सांगते, कारण ती नजरेतून चटकन सुटते. मेनिंगोकॉकस नावाचा जिवाणू रक्तात गेला तर कातडीखाली बारीक रक्त साकळतं, लाल-जांभळे ठिपके दिसतात. काचेचा साधा ग्लास त्यावर दाबून धरा. काचेतूनही ठिपका तसाच दिसला, फिका पडला नाही, तर एक मिनिट घालवू नका. आपल्याकडे घरात स्टीलचेच ग्लास असतात, तेव्हा टपरीवरून चहाचा मागून घ्या. सावळ्या अंगावर हे ठिपके सहज दिसत नाहीत. मोबाईलचा टॉर्च लावून तळहात, तळपाय, डोळ्याची खालची पापणी ओढून आतली बाजू आणि तोंडातला टाळा तपासा. ठिपके नाहीत म्हणून मेंदूज्वर नाही, असं मात्र समजू नका. पुष्कळ रुग्णांना ते येतच नाहीत.

पसरतो कसा

इथे सगळा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. मेंदूचा ताप एकाच कारणाने येत नाही. जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो. चांदीपुरा हा विषाणू वाळूमाशीमुळे पसरतो. तो 1965 साली आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात सापडला, म्हणून त्याला त्या गावाचं नाव. या दोन्हींत फवारणी, मच्छरदाणी, कुडाच्या भिंतींच्या भेगा लिंपणं याला अर्थ आहे. जिवाणूंच्या मेंदूज्वरात डासाचा काही संबंध नाही, बोरिंगच्या पाण्याचाही नाही. तिथे फवारणी करून गावाचं समाधान होतं, पण पोरं वाचत नाहीत.

मेनिंगोकॉकस माणसाच्या नाकात-घशात राहतो. साधारण दहांपैकी एका माणसाच्या घशात तो असतो आणि त्याला काहीही होत नाही. अशा धडधाकट माणसाकडूनही तो दुसऱ्याला जातो. म्हणून ‘कुणी आणला’ हे शोधत बसू नका, त्यातून भांडणापलीकडे काही निघत नाही. जातो तो खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून आणि लाळेतून, तेही जवळच्या, बराच वेळच्या सहवासात: एका खोलीत झोपणं, पप्पी घेणं, अर्धी ओढलेली बिडी पुढे देणं. शरीराबाहेर हा जिवाणू फार टिकत नाही. त्यामुळे रस्त्यात भेटलं, ओसरीवर उभं राहून बोललं, मातीला गेलं, एवढ्याने तो लागत नाही. भांडी साबणाने घासली की झालं, फेकायचं कारण नाही. घरात बिडीचा धूर असेल तर घशाचं अस्तर खराब होतं आणि धोका वाढतो. घरात लेकरू असेल तर बिडी ओढायला बाहेर जा, हे बापांना मी तोंडावर सांगते.

न्यूमोकॉकस हा दुसरा जिवाणू. तोही तुषारांतून घशात जातो, पण मेंदूपर्यंत बहुतेक वेळा न्यूमोनियातून, डोक्याच्या जखमेतून किंवा फुटलेल्या कानातून पोचतो. आपल्याकडे वाहता कान कुणी आजार मानतच नाही. ‘लहानपणापासून वाह्यते’ म्हणतात आणि तेल नाहीतर पाल्याचा रस घालतात. असं करू नका, कानाच्या डॉक्टरला दाखवा.

क्षयाचा मेंदूज्वर दबक्या पावलांनी येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, जेवण तुटलेलं, आणि मग उलट्या. असं लेकरू दिसलं की मी आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणाला आहे? त्याचा बेडका तपासायला गेलाच पाहिजे. नवजात बाळाला जिवाणू बाळंतपणात आईकडून लागू शकतात. पाणी जाऊन बराच वेळ झाला असेल किंवा कळांमध्ये आईला ताप असेल, तर ते दवाखान्यात आपणहून सांगा.

शंका आली की

108 ला फोन लावा, पैसे लागत नाहीत. ‘ताप आहे’ एवढंच म्हणू नका. ‘ताप आहे, मान कडक आहे, शुद्ध हरपते आहे’ असं सांगा. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कांदा-चप्पल हुंगवून झटका थांबत नाही. लसीकरणाचं कार्ड घ्या, आणि आधी गावात जे औषध-इंजेक्शन घेतलं असेल त्याचं पाकीट घ्या. अर्धवट घेतलेल्या औषधामुळे तपासणीत जिवाणू सापडत नाही, म्हणून ते लपवू नका, कुणी रागावलं तरी. जिल्ह्याचा दवाखाना लांब असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा की पहिलं इंजेक्शन इथेच देता का.

दवाखान्यात पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की अर्धे नातेवाईक सही न करता रुग्ण घरी न्यायला निघतात. लकवा होईल ही भीती असते. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते. त्या चमचाभर पाण्यावरून जिवाणू कोणता ते कळतं, आणि ते कळलं की घरच्यांचं काय करायचं तेही कळतं. सही करा.

कारण मेनिंगोकॉकस निघाला तर घरच्यांना औषध लागतं, शक्यतो 24 तासांत. एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, असंच झालं होतं. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेलं पोर, आजी म्हणाली, “बाई, पोट्टं उजेडाकडे डोळे उघडून नाही राहिलं.” तो भरती झाला, जिवाणूचं नाव कळलं आणि आम्ही संध्याकाळी पोडावर गेलो. ‘संपर्कात कोण होतं’ असं विचारलं तर सगळं पोडच हात वर करतं. म्हणून आजीला विचारलं, रात्री कोण कुठं झोपत होतं? तिने चटई टाकली, तिच्यावर गोधड्या मांडल्या, एकेका गोधडीवर हात ठेवून नाव सांगत गेली. भिंतीकडच्या गोधडीवर हात थांबला. तिथे मावशीची दोन लेकरं होती, आदल्या दिवशीच एसटीने गावी गेलेली. गोधड्या मांडल्या नसत्या तर ती यादीत आलीच नसती. त्यांच्या गावच्या आशाताईला तिथूनच फोन केला. तुम्हीही असंच विचारा: आजार सुरू व्हायच्या आधीच्या सात दिवसांत एका छताखाली कोण झोपलं. वसतिगृह असेल तर त्या खोलीतली पोरं. अख्ख्या शाळेला, अख्ख्या गावाला गोळ्या वाटायच्या नसतात.

औषध डॉक्टरच ठरवतात. साधारणपणे मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनची एकच गोळी, लहानांना वजनाप्रमाणे रिफाम्पिसिन दोन दिवस दोन वेळा, गरोदर बाईला सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ते आधी सांगून ठेवा, नाहीतर लोक घाबरून दुसरा डोस टाकून देतात. माला-एन घेणाऱ्या बाईला हेही सांगा की या औषधाने त्या गोळीचा असर कमी होतो. औषध चालू असताना आणि पुढचे चार आठवडे निरोध वापरा. गोळी घेतली तरी दहा दिवस घरातल्यांच्या तापावर लक्ष ठेवा. रुग्णावर योग्य अँटिबायोटिक सुरू होऊन 24 तास झाले की त्याच्यापासून कुणाला लागत नाही, तेव्हा घरी आलेल्या पोराला वेगळं बसवू नका.

न्यूमोकॉकस किंवा क्षय निघाला तर या गोळ्या द्यायच्या नसतात.

लसींचं थोडक्यात: जन्मताच बीसीजी, म्हणजे लहानपणीच्या क्षयाच्या मेंदूज्वरापासून संरक्षण. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, त्यात हिब या मेंदूज्वर करणाऱ्या आणखी एका जिवाणूची लस असते. न्यूमोकॉकसची पीसीव्ही सहा आणि चौदा आठवड्यांना, नववा महिना पुरा झाला की बूस्टर. ही 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या घरांचे हेच डोस चुकतात. कार्ड सोबत न्या, तिथल्या उपकेंद्रातही लस मिळते.

घरी आल्यावर

पोर चालायला-खायला लागलं की आयाबाया समजतात, सुटलो. कान तपासल्याशिवाय सुटलो म्हणू नका. या आजारानंतर आतल्या कानातल्या शंखात हाड भरू शकतं, आणि एकदा ते भरलं की शस्त्रक्रिया करून यंत्र बसवणं अवघड होतं. त्यामुळे दवाखान्यातून सुटतानाच, नाहीतर चार आठवड्यांच्या आत, श्रवण तपासणी झाली पाहिजे. मागून ताट वाजवून पाहणं ही तपासणी नाही. बहिरं लेकरूसुद्धा हादऱ्याने वळून बघतं. तान्ह्या बाळासाठी ‘बेरा’ ही तपासणी असते, ती बाळ झोपेत असताना करतात. सुट्टीच्या कागदावर तिची तारीख लिहिलेली नसेल तर खाट सोडायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तो कागद तुमच्या आशाताईला दाखवा.