‘तालीम’ या शब्दाचा माग कसा काढाल?

शब्दाचं मूळ शोधायला बसलात की आधी कानावर भरवसा ठेवायचं सोडा. ‘तालावर मेहनत करायची ती तालीम’ असं आमच्या बेळगावच्या शहापुरात छातीठोक सांगणारे आहेत. तालाचा इथं काडीचा संबंध नाही.

दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (पहिले सात खंड, १९३२ ते ३८) उघडा. नोंदीत चौकटी कंसात मूळ भाषा दिलेली असते. ‘अर.’ म्हणजे अरबी, ‘का.’ म्हणजे कानडी. हा ‘का.’ बेळगावकरांनी तर जरूर हुडकावा, अडकित्त्यापासून बरंच घबाड हाती लागतं. तालीम मात्र अरबीतून आलेली.

आता मुळातली व्यंजनं पकडा. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांवर उभे असतात. इथं ती ऐन, लाम, मीम; त्यांचा अर्थ जाणणं. इल्म (ज्ञान), मालूम, उलेमा (धर्मपंडित) ही सगळी त्याच घरची मंडळी. तालीम म्हणजे दुसऱ्याला जाणतं करणं, शिकवणं. हिंदी-उर्दूत अजून तोच अर्थ चालतो. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तिचं नाव ‘नई तालीम’ पडलं ते त्यामुळंच.

इथं कोश मिटायचा आणि माणसांत जायचं. खरी गंमत तिथं आहे. ‘पोरगा तालमीत जातोय’ म्हटलं की आपल्याकडं कुणाला पाटी-दप्तर आठवत नाही; तांबडी माती न् लंगोट आठवतो. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून खेचताना, पोराची मान खाली गेली, तर वस्ताद भाषण देत नाही. मानेवर थाप मारतो आणि म्हणतो, ‘परत.’ नाटकवाल्यांचंही तेच. संवाद तोंडपाठ असलेला नट पहिल्या तालमीला उभा राहिला की त्याला स्वतःच्या हातांचं काय करावं ते उमगत नाही.

शब्दासोबत येणारी क्रियापदंही टिपा. पैलवान तालीम करतो, गवई गुरूकडून घेतो, दिग्दर्शक नटांची घेतो. ‘तालमीत’ म्हणताना ‘ली’चा ‘ल’ होतो, इतका हा पाहुणा घरचा झालाय.

शेवटी शेजाऱ्याची भाषा. कन्नडमध्ये आखाड्याला ‘गरडी मने’ म्हणतात, पण ‘तालीमु’ही आहेच. दसऱ्याआधीचे कन्नड पेपर चाळा. अंबारी उचलायच्या सरावासाठी म्हैसूरच्या हत्तींच्या पाठीवर वाळूची पोती लादून रस्त्यानं चालवतात, त्या बातम्यांत ‘तालीमु’ हमखास सापडेल. असे वापर तारखेसकट वहीत उतरवा. कोशात सगळे मिळत नाहीत.